निम्मा कर सगळ्या शहराचा: सोलच्या पंचवीस विभागांमधली मालमत्ता कराची वाटणी

दक्षिण कोरियाची राजधानी सोल हे शहर २५ विभागांत वाटलेलं आहे. हे विभाग निव्वळ कारभाराच्या सोयीसाठी पाडलेले नाहीत. १९९५ पासून प्रत्येक विभागाचा प्रमुख लोक थेट निवडून देतात. प्रत्येकाची स्वतःची परिषद आहे, स्वतःचं अंदाजपत्रक आहे आणि काही कर वसूल करण्याचा अधिकारही आहे. मेट्रो, पाणी आणि मोठे रस्ते महानगर सांभाळतं. कचरा, गल्लीतले रस्ते, पाळणाघरं, वाचनालयं, वृद्धांची केंद्रं, गरीब कुटुंबांपर्यंत पोचवायची मदत हे सगळं विभागाकडे. थोडक्यात, माणसाचा रोजचा संबंध ज्या सरकारशी येतो ते हे सरकार. आणि त्याच्या हातातला खरा मोठा कर एकच, मालमत्ता कर.

इथेच अडचण होती. हान नदीच्या दक्षिणेला गंगनम हा विभाग आहे: काचेचे मनोरे, कंपन्यांची मुख्यालयं, देशातले सर्वांत महाग फ्लॅट. उत्तरेला डोंगराच्या पायथ्याशी गंगबुक आहे: चढावर दाटीनं बांधलेली जुनी घरं, लहान दुकानं, आणि विभागाचा मोठा हिस्सा व्यापणारं बुखानसान राष्ट्रीय उद्यान. दोन्हीकडे कायदा एकच, कराचे दरही तेच. तरी २००७ च्या सुमारास गंगनमची मालमत्ता कराची वसुली गंगबुकच्या पंधरा पटींच्या आसपास होती. कामं मात्र दोघांनाही सारखीच करायची होती. उलट उत्तरेकडच्या विभागांवर कल्याणकारी खर्चाचा भार जास्त होता, कारण मदतीची गरज असलेली माणसं तिकडे जास्त राहतात. केंद्र सरकार एखादी योजना जाहीर करतं तेव्हा खर्चाचा काही हिस्सा विभागानं भरायचा असतो. म्हणजे ज्या विभागात गरीब अधिक, त्याची तिजोरी लहान आणि देणं मोठं.

२००८ पासून सोलनं यावर एक उपाय अमलात आणला. विभागात जमा होणाऱ्या मालमत्ता करातला निम्मा भाग महानगराच्या खात्यात जातो आणि तिथून तो २५ विभागांना समान वाटला जातो. अशा वाटणीला नेहमी 'श्रीमंतांकडून काढून गरिबांना देणं' असं म्हटलं जातं. मला ते वर्णन चुकीचं वाटतं. का, ते कळायला गंगनमची श्रीमंती आली कुठून हे आधी पाहावं लागतं.

१९६३ मध्ये सोलची हद्द वाढवली गेली, तोवर आजचं गंगनम शहरातही नव्हतं. तिथे शेतं होती, नाशपातीच्या बागा होत्या. १९६९ मध्ये हान नदीवरचा हान्नाम पूल झाला. १९७० मध्ये सोल ते बुसान महामार्ग खुला झाला आणि त्याचं सोलकडचं तोंड याच बाजूला आलं. १९७२ मध्ये सरकारनं दोन गोष्टी केल्या. नदीच्या उत्तरेकडच्या जुन्या शहरात नवी डिपार्टमेंट स्टोअर्स, करमणुकीची ठिकाणं वगैरे उभारण्यावर निर्बंध घातले. आणि एक तात्पुरता कायदा करून दक्षिणेकडच्या नव्या भागात बांधकाम करणाऱ्यांना अनेक करांतून सूट दिली. त्या यादीत मालमत्ता करही होता. पुढे नामांकित शाळा नदीपलीकडे हलवल्या गेल्या. १९७६ मध्ये ग्योंगी हायस्कूल गेलं, मग इतर गेल्या, आणि शाळांच्या मागोमाग पालक गेले. लांब पल्ल्याच्या बसचं मुख्य स्थानक तिकडे गेलं. १९८४ मध्ये मेट्रोच्या दुसऱ्या मार्गिकेचं वर्तुळ पूर्ण झालं, तेही गंगनममधून. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयसुद्धा शेजारच्या सोचो विभागात आलं.

तिथल्या लोकांनी कष्ट केले नाहीत असं यातून मुळीच निघत नाही. पण जमिनीची किंमत त्यांच्या कष्टानं वाढलेली नाही. पूल, महामार्ग, मेट्रो, शाळा यांवर साऱ्या देशाचा आणि शहराचा पैसा लागला आणि किंमत वाढली ती एका बाजूची. त्याच काळात उत्तरेला काय झालं तेही पाहायला हवं. शहराच्या मध्यातून हटवलेल्या झोपड्यांतली कुटुंबं मिआसारख्या डोंगरउतारांवर वसवली गेली. १९७१ पासून हरितपट्टा आला, १९८३ मध्ये राष्ट्रीय उद्यान आलं. उद्यानाची हवा आणि वाटा सगळं शहर वापरतं, सुट्टीच्या दिवशी दक्षिणेकडचे लोकही तिथे चढायला येतात. पण त्या जंगलातून गंगबुकला मालमत्ता कर जवळजवळ मिळत नाही.

विभागांच्या सीमाही काही पुरातन नाहीत. गंगनम १९७५ मध्ये सोंगदोंग विभागातून वेगळा काढला. सोचो १९८८ मध्ये गंगनममधून निघाला. गंगबुक तर १९९५ मध्ये दोबोंगमधून कापून तयार केला. सरकारनं कारभारासाठी नकाशावर ओढलेल्या रेषा पुढे कराच्या कुंपणासारख्या वापरल्या गेल्या. 'आमचा कर आमच्याच विभागात' हे म्हणणं किती पक्कं आहे ते या रेषांच्या वयावरून ठरवावं.

प्रश्न खरा चिघळला तो २००४ मध्ये. सरकारनं घरांच्या करआकारणीची पद्धत बदलली आणि महागड्या फ्लॅटांवरचा कर एकदम वाढला. कायद्यानुसार विभागाला मूळ दरात ५० टक्क्यांपर्यंत कमीजास्त करण्याची मुभा होती. गंगनमच्या परिषदेनं दर ३० टक्क्यांनी उतरवला. सरकारनं विरोध केला, पण उपयोग झाला नाही. शेजारच्या विभागांनीही कपात केली. ज्याची तिजोरी भरलेली होती त्याला असं करणं परवडत होतं. गरीब विभागानं दर उतरवला तर पाळणाघराचे पगार थकणार. परिणामी समान किमतीच्या घराला श्रीमंत विभागात कमी आणि गरीब विभागात जास्त कर, असं उलटं चित्र दिसू लागलं. २००५ मध्ये केंद्रानं बड्या मालमत्तांवर वेगळा राष्ट्रीय कर आणला आणि त्याचं उत्पन्न स्थानिक संस्थांना वाटायचं ठरवलं. पण सोलच्या आतली दरी त्यामुळे बुजली नाही.

मग दोन प्रस्ताव समोर आले. तेव्हाच्या सत्ताधारी उरी पक्षाकडून आलेली सूचना अदलाबदलीची होती: विभागांचा मालमत्ता कर पूर्णपणे महानगराकडे द्यायचा आणि त्याच्या बदल्यात तंबाखू, वाहन वगैरे महानगराचे कर विभागांना द्यायचे. सिगारेट ओढणारे आणि गाड्या ठेवणारे लोक शहरभर बऱ्यापैकी सारखे पसरलेले असतात, त्यामुळे दरी आपोआप कमी झाली असती. कागदावर हे सुटसुटीत होतं. पण वाढणारा कर देऊन वाढ थांबलेला कर घ्यायचा, असा तो व्यवहार होता. शिवाय मालमत्ता कर हा स्थानिक कर म्हणून चांगला का मानतात, तर रस्ता सुधारला, बाग झाली की आजूबाजूच्या जागेची किंमत वाढते आणि केलेल्या कामाचा मोबदला काही अंशी तिजोरीत परत येतो. तंबाखूच्या करात हा धागा नाही. पूर्ण अदलाबदल झाली असती तर विभागांना आपला परिसर सुधारण्यात आर्थिक रस उरला नसता.

विरोधी ग्रँड नॅशनल पक्षाच्या बाजूनं आलेला दुसरा प्रस्ताव होता सामायिक कराचा: मालमत्ता कर विभागातच वसूल व्हावा, पण त्यातला ठरावीक हिस्सा एकत्र करून वाटावा. महापौर ओ से-हून यांचा याला पाठिंबा होता.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. २००६ च्या स्थानिक निवडणुकांत सोलचं महापौरपद आणि सगळीच्या सगळी २५ विभागप्रमुखपदं ग्रँड नॅशनल पक्षानं जिंकली होती. म्हणजे सोलच्या आतला झगडा पक्षापक्षांतला नव्हताच. एकाच पक्षाचे लोक, पण गंगनमचा प्रमुख एका बाजूला आणि उत्तरेकडच्या नोवोन, दोबोंग विभागांचे दुसऱ्या बाजूला. माणूस कुठल्या झेंड्याखाली उभा आहे यापेक्षा त्याच्या विभागाची वसुली सरासरीच्या वर आहे की खाली, यावरून त्याची भूमिका ठरत होती. आणि हिशेब सरळ होता. दोन-चार विभागांची वसुली प्रचंड असली की ती सरासरीला वर ओढते, त्यामुळे बहुसंख्य विभाग सरासरीच्या खालीच राहतात. देणारे मूठभर, घेणारे पुष्कळ. सामायिक कराला बहुमत मिळणं त्यामुळे शक्य झालं.

जुलै २००७ मध्ये राष्ट्रीय संसदेनं स्थानिक कर कायद्यात दुरुस्ती केली. एकदम निम्मा हिस्सा न घेता पायऱ्या ठेवल्या: २००८ मध्ये ४० टक्के, २००९ मध्ये ४५, आणि २०१० पासून ५०. जहाजं आणि विमानं यांवरचा कर वगळला. तरतूद फक्त सोलपुरती होती. वाटणीचा निकष महानगराच्या उपविधीनं (म्हणजे स्थानिक परिषदेनं केलेल्या नियमानं) ठरवावा आणि तो ठरवला नसेल तर रक्कम सगळ्यांना समान द्यावी, असं कायद्यात लिहिलं.

याचं गणित एका काल्पनिक उदाहरणावर करून पाहू. समजा, श्रीमंत विभाग १,५०० जमा करतो, गरीब विभाग १०० आणि पंचवीस विभागांची सरासरी ३०० आहे. निम्मा हिस्सा एकत्र आला की प्रत्येकाच्या वाट्याला त्यातून १५० येतात. श्रीमंताकडे ७५० अधिक १५०, म्हणजे ९००. गरिबाकडे ५० अधिक १५०, म्हणजे २००. पंधरा पटीचं अंतर साडेचार पटीवर आलं. प्रत्यक्षातही तसंच झालं, दरी पाच-सहा पटींच्या घरात आली. पण रकमेतला फरक पाहा: आधी १,४००, नंतर ७००. पटींत पाहिलं तर दरी फार कमी झालेली वाटते, रकमेत ती बरोबर निम्मी झाली आहे. समर्थक पहिला आकडा सांगतात आणि श्रीमंत-गरीब भेद अजून तसाच आहे म्हणणारे दुसरा. दोन्ही आकडे एकाच वजाबाकी-भागाकारातून आलेले आहेत.

याहून महत्त्वाचा आकडा तिसरा, आणि तो चर्चेत क्वचित येतो. गंगनमची वसुली उद्या १०० नं वाढली तर तिथे राहतं किती? ५० स्वतःचे, आणि एकत्र गेलेल्या ५० मधून परत येणारे २. म्हणजे ५२. तेच गंगबुकला लागू. तिथे नवं संकुल उभं राहिलं आणि १०० वाढले तर त्यालाही ५२ मिळतात, उरलेले ४८ इतर चोवीस विभागांत प्रत्येकी दोन-दोन असे जातात. आणि वसुली १०० नं घटली तर खड्डाही ५२ चाच पडतो. आपला परिसर सुधारण्यातला रस टिकावा इतकं हातात राहतं आणि पडझड झाली तर शहर अर्धा धक्का झेलतं. पूर्ण अदलाबदलीपेक्षा निम्मी वाटणी मला सरस वाटते ती यामुळे.

गंगनम, सोचो आणि जुंग हे तीन विभाग संसदेविरुद्ध घटनात्मक न्यायालयात गेले. कर आकारणं आणि तो वापरणं हा स्वायत्ततेचा गाभा आहे, निम्मा कर काढून घेतला तर स्वायत्तता नावालाच उरते, असं त्यांचं म्हणणं होतं. २८ ऑक्टोबर २०१० रोजी न्यायालयानं त्यांची मागणी फेटाळली. मालमत्ता करातलं उत्पन्न घटलं तरी विभागांची आर्थिक स्वायत्तता पोकळ झालेली नाही, असा निकालाचा आशय होता.

स्वायत्तता उरली की नाही याचा पुरावा दहा वर्षांनी सोचोतूनच मिळाला. कोरोनाच्या काळात, २०२० मध्ये, सोचोच्या परिषदेनं एकच घर असलेल्या आणि त्या घराची सरकारी किंमत ९० कोटी वॉनपर्यंत असलेल्या कुटुंबांना कर कमी करण्याचा उपविधी केला. महानगर त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयानं सोचोच्या बाजूनं निकाल दिला. म्हणजे दर ठरवण्याची मुभा शाबूत होती. पण त्या मुभेचा आवाका पाहा. १०० वॉन करातले ५० महानगराच्या हिश्शाचे, त्यांना विभाग हात लावू शकत नाही. विभागानं आपल्या ५० वर दर निम्म्यावर आणला की २५ कमी होतात. घरमालक ७५ भरतो. म्हणजे कपात ५० टक्क्यांची, सूट प्रत्यक्षात २५ टक्के, आणि तो सगळा तोटा सोचोच्याच तिजोरीला. सामायिक निधीतून एक वॉनही कमी होत नाही. २००४ च्या स्पर्धेला कायद्यानं घातलेला हा आळा मला या सगळ्या रचनेतला सर्वांत विचारपूर्वक केलेला भाग वाटतो. विभागाला आपल्या लोकांना सवलत द्यायची तर खुशाल द्यावी, पण दुसऱ्याच्या पैशातून नाही.

दुसऱ्या शहरांनी वेगळे मार्ग धरले आहेत. टोकियोच्या २३ विभागांत स्थावर मालमत्तेवरचा कर महानगरच गोळा करतं. तो आणि आणखी काही कर मिळून त्यातला निम्म्याहून थोडा जास्त हिस्सा विभागांसाठी राखला जातो आणि प्रत्येकाची प्रमाणित गरज वजा प्रमाणित उत्पन्न असा हिशेब करून वाटला जातो. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मिनिॲपोलिस आणि सेंट पॉल यांच्या परिसरात १९७१ चा कायदा आहे. तिथे व्यापारी आणि औद्योगिक मालमत्तेच्या करआधारात, म्हणजे ज्या मूल्यावर कर लागतो त्यात, त्या वर्षानंतर जी वाढ झाली तिचा ४० टक्के भाग एकत्र केला जातो. जुनं कुणाचं घ्यायचं नाही, वाढीतलं घ्यायचं, ही तिथली युक्ती. सोलनं जुनं-नवं असा भेद केला नाही आणि गरजेचं सूत्रही लावलं नाही.

सूत्र नसणं ही सोलची ताकद ठरली, आणि दुखणंही तेच आहे. समान वाटणीत भांडायला जागा नसते. लोकसंख्या किती धरायची, वृद्धांना किती गुण, रस्त्यांच्या लांबीला किती, असल्या वादात वर्षं गेली असती. पण समान म्हणजे विभागाला समान, माणसाला नाही. शहराच्या मध्यातल्या जुंग विभागाची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास, सोंगपा या दुसऱ्या विभागाची साडेसहा लाखांच्या. दोघांना निधीतून तेवढीच रक्कम. माणशी हिशेब केला तर जुंगला पाच पट मिळतं.

मग लोकसंख्येनुसार वाटा, असं म्हणावंसं वाटतं. पण तसं केलं तर काय होईल? गंगनमची वस्ती साडेपाच लाखांच्या आसपास, म्हणजे शहरातल्या मोठ्या विभागांपैकी एक. त्याचा वाटा वाढेल. गंगबुकमध्ये तीन लाखांहूनही कमी लोक, शहराच्या सुमारे तीन टक्के. आज त्याला निधीतला पंचविसावा भाग, म्हणजे चार टक्के मिळतात, तो वाटा घटेल. ज्याच्यासाठी हे सगळं केलं त्यालाच फटका बसेल. नोवोनला मात्र फायदा होईल: पाच लाखांच्या आसपास वस्ती, सरकारी भाड्याच्या घरांची मोठी संकुलं, आणि अंदाजपत्रकाचा निम्म्याहून अधिक भाग कल्याणकारी खर्चात जाणारा. जुंगचंही एकदम ठरवून टाकता येत नाही. सिटी हॉल, म्योंगदोंगची दुकानं, नामदेमुन बाजार हे सगळं तिथेच. रात्री झोपणारे थोडे, पण दिवसा येणाऱ्या गर्दीचा कचरा उचलायचा जुंगनंच. डोकी मोजायची तर दिवसाची की रात्रीची, हा प्रश्न तिथे खरोखरचा आहे.

गरजेचा विचार सोलमध्ये वेगळ्या खिशातून होतो. महानगराच्या सर्वसाधारण करांतला ठरावीक भाग (२०१६ पासून २२.६ टक्के) विभागांना समायोजन अनुदान म्हणून दिला जातो आणि तो गरज आणि उत्पन्न यांतली तूट पाहून वाटला जातो. गंगनमची तूट निघत नसल्यानं त्याला वर्षानुवर्षं ते मिळालेलं नाही. म्हणजे एक खिसा समान वाटणीचा आणि एक गरजेचा. दोन्ही एकत्र पाहिले तर रचना वाटते तितकी ओबडधोबड नाही. पण अनुदानाचा आधार असलेले कर, विशेषतः मालमत्तेच्या खरेदीवरचा कर, घरबाजार मंदावला की घसरतात. उत्तरेकडच्या विभागांना आधाराची गरज असते नेमकी तेव्हाच.

अलीकडच्या वर्षांत सामायिक हिस्सा ६० टक्क्यांवर न्यावा असा प्रस्ताव पुढे आला आहे. गंगनमनं त्याला विरोध केला आहे. ६० टक्के झाले तर वरच्या उदाहरणातला श्रीमंत विभाग ९०० वरून ७८० वर येईल, गरीब २०० वरून २२० वर जाईल. पट साडेचारावरून साडेतीनावर. आणि वाढलेल्या १०० पैकी विभागाकडे ५२ ऐवजी ४२ च्या थोडं वर राहतील, श्रीमंताकडेही आणि गरिबाकडेही. गरीब विभागाच्या हाती वीस जास्त पडतात हे खरं. पण जुन्या वस्त्यांचा पुनर्विकास करायला निघालेल्या विभागाची त्या कामातली कमाई निम्म्याखाली जाते, हेही तितकंच खरं.

माझं मत विचाराल तर टक्केवारीआधी निकष उघडावा. त्यासाठी संसदेत जाण्याचीही गरज नाही, वाटणीचा निकष ठरवण्याचा अधिकार कायद्यानं महानगराच्या उपविधीलाच दिला आहे. निधीचा मोठा भाग आज आहे तसाच समान ठेवावा, म्हणजे गंगबुकसारख्या लहान विभागाचं नुकसान होणार नाही. उरलेला भाग कल्याणकारी खर्चातला विभागाचा सक्तीचा हिस्सा पाहून द्यावा. नोवोनला तो मिळेल, दोबोंगला मिळेल, आणि सोंगपात मदतीवर जगणारी जी कुटुंबं आहेत त्यांच्यासाठी सोंगपालाही थोडा मिळेल.